हवालदाराची तालीम

"मी बेशुद्ध झालो," जिवा हवालदार ओट्यावरच्या खाटेवर आडवा होत म्हणाला. "डॉक्टर विचारतोय, पुढे काय करायचं? बोला!"

आणि त्याने डोळे मिटले. एक डोळा किलकिला होताच.

खोडाळ्यात अशी परेड कुणी पाहिली नव्हती. जव्हारला माजी सैनिकांचा मेळावा झाला. तिथे एका डॉक्टरने सांगितलं, की शेवटच्या आजारपणात आपल्यावर काय इलाज करायचा, काय नाही, हे शुद्धीवर असतानाच लिहून ठेवावं. आपली वाचा गेली तर आपल्या वतीने बोलणारं माणूसही नेमावं. हवालदाराने ते मनावर घेतलं. पण माणूस नेमायचं तर पारख नको?

आधी मुलगा मंगेश पुढे झाला. "डॉक्टरसाहेब," तो घसा खाकरून म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं."

"नापास," खाटेवरून आवाज आला.

मंगेशच्या बायकोला, रंजनाला, हसू आलं. तिने ते पदराआड ढकललं. ती गावची आशाताई. अडलेल्या बायांना घेऊन तिने दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. या कागदाचा अर्थ घरात आपल्याला एकटीलाच कळलाय, असं तिला वाटत होतं. सासऱ्याच्या मनातलंही आपण ओळखलंय, अशी तिची खात्री होती. शिमग्याच्या सुमारास त्याचा पलटणीतला जोडीदार सखा गेला. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. नळ्या काढून त्याला आणला आणि आपल्या ओट्यावर, आपल्या माणसांत तो गेला. सखाचं सोनं झालं, असं अख्खं गाव म्हणालं. जिवा मात्र कितीतरी दिवस धड जेवला नव्हता.

रंजना खाटेपाशी गेली. या माणसाने लग्नानंतर तिला बारावीला बसवलं होतं, परीक्षेला स्वतः सोडायला गेला होता. त्याच्या मरणाचं बोलायला जीभ रेटेना. तरी ती बोलली.

"साहेब, बाबांना मशीनवर ठेवू नका. त्यांचे हाल नकोत. आम्ही त्यांना घरी नेतो."

म्हाताऱ्याने दोन्ही डोळे उघडले. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"पास झालीस," मंगेश कुजबुजला.

रंजनाच्या मनात आलं, म्हणजे एक दिवस हे खरंच बोलायचं.

तेवढ्यात सासू, गौरा, चुलीपासून तरातरा बाहेर आली. नवऱ्याचा एकही हुकूम तिने उभ्या जन्मात पाळला नव्हता.

"गौरा, तुझा नंबर. डॉक्टर विचारतोय."

"डाक्टर गेला खड्ड्यात!" तिने गोधडी खस्सकन ओढली. "उठ म्हाताऱ्या! नागलीची भाकर निवते हाय, नि हा मरायची सोंगं करतो!"

हवालदार मुकाट्याने उठून जेवायला बसला. या घरात शिस्त म्हणून नाही, असं पुटपुटला तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तो कागद करायला सगळे एसटीने जव्हारला गेले. मेळाव्यातले दोन माजी सैनिक साक्षीला आले होते. रंजना ठेवणीतलं लुगडं नेसून, आधार कार्ड मुठीत धरून उभी होती.

नोटरी पुष्पलताबाईंनी विचारलं, "तुमच्या वतीने कोण बोलणार?"

रंजना एक पाऊल पुढे झाली.

"गौरा," जिवा म्हणाला.

रंजना जागीच थबकली. सुटल्यासारखं वाटलं आणि रडूही आलं.

मंगेशला राहवेना. "बाबा, आयेला यातलं काय कळतं? ती डॉक्टरशी भांडंल!"

"भांडंल ना!" हवालदार छाती काढून म्हणाला. जणू लढाई जिंकून आला होता.

पुष्पलताबाईंनी मान डोलावली. "बरं. आता इलाजाचं. मशीन नको, नळ्या नकोत, घरी न्यायचं. बहुतेक जण हेच लिहून घेतात. तसंच करू ना?"

"नाय!"

परेडच्या मैदानावरचा तो आवाज. बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली.

"लिहा बाई! धुगधुगी हाय तोवर सगळं करायचं. नळी लावा, मशीन लावा, काय हवं ते लावा. सखासारखं घरी न्या म्हणणाऱ्याला ही बाय दारात आडवी होईल. मला जगायचं हाय!"