एकोणसाठावा डबल

बेसबॉलपटू बोडके या हंगामात सर्वाधिक म्हणजे अठ्ठावन्न डबल मारणार, हे भाकीत करणाऱ्या यंत्राने हंगामाआधीच सांगितलं होतं. यंत्र कधी चुकत नसे, म्हणून जळगावच्या मैदानातल्या फलकावर त्याचं नाव आकड्यासकट कोरूनही झालं होतं. अठ्ठावन्नावा डबल बसून बारा दिवस झाले, म्हणजे आता त्याच्या वाट्याला एकही उरला नव्हता, आणि तेव्हापासून बोडकेला अन्न गोड लागेना.

शेवटच्या सामन्यात त्याने चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून सणसणीत मारला आणि तो जीव खाऊन पळाला. पहिला बेस मागे पडला, दुसरा त्याने धुळीत घसरत गाठला. एका फटक्यात दोन बेस. एकोणसाठावा डबल.

पण स्कोअरर कुंदाताईंनी नोंद केली: सिंगल, दुसरा बेस क्षेत्ररक्षकाच्या ढिलाईमुळे.

सामना संपताच तो त्यांच्याकडे गेला. "ताई, माझ्या पायांनी पोचलो मी."

"हो रे. पण शेंडे चेंडूमागे रमतगमत गेला. पळाला असता तर तू बाद होतास."

बोडकेने शेंडेला गाठलं. "पळाला का नाहीस?"

शेंडे बुचकळ्यात पडला. "कशाला पळू? तुझे अठ्ठावन्न तर झाले होते."