कवठवस्तीवरची पहिली गाडी

रविचा हिशेब सरळ होता. कवठवस्तीवर आजवर चारचाकी चढली नव्हती. आपली चढली, फोटो निघाला, की अंबाजोगाईच्या जीप मंडळाच्या नव्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ आपलं. गेल्या वर्षी ते जीवनने पटकावलं होतं. तेव्हापासून रविच्याच कापडदुकानात, गल्ल्याच्या मागे, जीवन बोनेटवर बसून हसत होता. कॅलेंडर प्रत्येक सभासदाने दर्शनी जागी लावायचं असा नियम होता, आणि तो रविनेच केलेला.

महिन्यापूर्वी मंडळाच्या नंबरावर कवठवस्तीच्या सर्जेरावाचा फोन आला. आमच्या डोंगराला कुणाचीच गाडी चढत न्हाई, एवढंच तो म्हणाला. फोन रविने उचलला होता. मंडळात त्याने कुणाला सांगितलं नाही.

घाटनांदूरच्या पुढे फाट्यावर सर्जेराव वाट दाखवायला आला, तो पाण्याची काळी टाकी घेऊन.

"ही कशाला?"

"टपावर बांधू, मालक. वर वजन असलं की गाडी उसळत न्हाई."

"रिकाम्या टाकीला कसलं वजन?"

"मग तर तरासच न्हाई."

टपावरची जागा रविच्या तंबूची होती. तंबू मागच्या सीटवर गेला. दोर सर्जेरावाने सोबत आणलेलाच होता, टाकीला पुरेल इतका.

पुढच्या वळणावर त्याची बायको सिंधुबाई सिमेंटच्या दोन गोण्यांवर बसलेली.

"गाडी वस्तीवर जाती आन् बाईमाणूस चालत, बरं दिसंल का?" सर्जेराव म्हणाला.

बरं दिसणार नाही, असं रविला म्हणावं लागलं. सिंधुबाईने सीटखालची कळ दाबून पुढची सीट सरकवली, सर्जेरावाने गोण्या आत टाकल्या, आणि ती मागे चढून तंबूवर बसली. ती कळ सापडायला रविला आठवडा लागला होता.

"मऊ हाय," ती म्हणाली. कशाबद्दल ते विचारायचं रविने टाळलं.

त्याला निर्मनुष्य रान हवं होतं. डोंगर होता, सीताफळीची झुडपं होती, पण मागून सिंधुबाई अखंड बोलत होती आणि टाकी प्रत्येक खड्ड्यात ढोलासारखी वाजत होती.

"ही चाकांची खूण कसली?" रविने ब्रेक दाबला.

"ट्रॅक्टर."

"म्हणजे ट्रॅक्टर वर जातो?"

"जात न्हाई. परत गेला ती खूण हाय."

खडकाळ चढाशी सर्जेराव म्हणाला, "चाकांची हवा कमी करा. अठरावर आणा."

"तुम्हाला काय माहीत?"

"अठरालाच पकड बसती बघा."

बसली. तरी अर्ध्या चढावर मागचं चाक घसरलं, दार खडकाला घासलं, बंपरचा एक कोपरा वाकला. रवि कपाळाला हात लावून उतरला. तोवर सिंधुबाईने कडेच्या ढिगातून दोन दगड उचलून चाकामागे लावलेही होते. दगड चाकाच्या मापाचे होते.

"हे इथे कोणी रचून ठेवले?"

"डोंगर हाय," सिंधुबाई म्हणाली. "दगड असायचेच."

वर पोचायला साडेअकरा झाले. सात घरं, एक छोटं विहार, आणि बाजूला विटांचा नवा उंच कट्टा. वर सोलरच्या पाट्या, खाली मोटर. मधली जागा रिकामी. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. झरा दीड मैल खाली होता.

"विटा कशा आणल्या इथे?"

"डोक्यावर," सिंधुबाई म्हणाली, आणि टाकीचा दोर सोडायला लागली.

मग सत्कार झाला. हार, नारळ, शाल. चार जणांनी 'कवठवस्तीवर आलेली पहिली गाडी' अशी पाटी बोनेटला टेकवली. अक्षरं सुबक, ऑइलपेंटमध्ये. उन्हाने एक कोपरा फिकटला होता.

"तुमच्यासाठीच रंगवली," सर्जेराव म्हणाला.

सकाळपासूनची रविची चिडचिड एका फोटोत उतरली. त्याने अठ्ठावीस फोटो काढून घेतले. बोनेटवर बसून हसला, जीवनपेक्षा दोन दात जास्त.

"फोटू लावा, मालक," सर्जेराव त्याला बाजूला घेऊन म्हणाला. "पर पाटी कापून. वस्तीचं नाव न्हाई, वाटबी न्हाई. सांगितली की उद्या दुसरा येतो. मग पहिल्याला कोण इचारतो?"

रवि हेच म्हणणार होता. दिवसभरात दोघांचं पहिल्यांदा पटलं.

"आन् शाल हितंच ठेवायची. पहिल्या गाडीचा मान वस्तीकडं राहतो. आमची रीत हाय."

रविला भरून आलं. आपली शाल या डोंगरावर कायमची राहणार. त्याने ती स्वतः घडी करून सिंधुबाईच्या हातात दिली.

तीन वाजता वाकलेला बंपर घेऊन तो आनंदात उतरणीला लागला. टाकी नसल्याने गाडी बरीच उसळत होती.

टाकी कट्ट्यावर चढली. बायकांनी घागरी खाली ठेवल्या. सिंधुबाईने विहारातली पेटी उघडून शाल आत टाकली, पाटी भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि पेटीतली वही नवऱ्याकडे दिली.

"आता काय राहिलं?"

"पाइप. लांब टपाची गाडी बघावी लागंल. परभणीला बी मंडळ हाय म्हणतेत."

सर्जेरावाने चष्मा लावला आणि आजची ओळ भरली. पान असं झालं:

विटा: लातूरचे डॉक्टर. पहिली गाडी.

गज: सोलापूरचे वकील. पहिली गाडी.

सोलर: जालन्याचे दोघे भाऊ. पहिली गाडी.

मोटर: अंबाजोगाईचे जीवनभाऊ. पहिली गाडी.

टाकी: अंबाजोगाईचे रविशेठ. पहिली गाडी.

पाइप: ______. पहिली गाडी.