कुंपणावरची मॅच

व्हर्नच्या गव्हाच्या शेताचं कुंपण म्हणजे दोन गावांची शीव. उद्या त्या दोन गावांची ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, चार-चार खांबांच्या गोलांची आणि अठरा-अठरा जणांची मॅच, आणि व्हर्नचा सकाळपासून पाय घरात ठरत नव्हता.

"काय येरझाऱ्या घालतोयस? झोप उडाली वाटतं!" पलीकडून ऑल्बी ओरडला. "उद्या आमची पोरं तुमची चटणी करणार."

"चटणी? समोर चार-चार खांब रोवलेले असूनही तुमच्या पोरांना गोल सापडत नाही! आणि आधी अठरा खेळाडू तरी जमवा."

"तुमचे तरी कुठे भरतायत?"

तरणी पोरं सगळी शहरात गेलेली. पुढच्या मोसमापासून दोन्ही गावांनी मिळून एकच संघ उतरवायचं ठरलं होतं. उद्याची मॅच शेवटची.

जन्मभर भांडलेले दोघं तारेला हात टेकून उगाच मैदानाच्या दिशेने बघत राहिले. व्हर्न जायला वळला, दोन पावलं गेला, पुन्हा कुंपणाशी आला.

 

"व्हर्न," ऑल्बीने खालच्या आवाजात विचारलं, "पुढच्या वर्षी... आपण जिंकू ना रे?"