अजून एक टेक

थपडेचा आवाज हेडफोनमध्ये इतका जोरात आला की संजीवनीनं दचकून ते कानांवरून खाली ओढले.

"कट!" दिग्दर्शक वर्की ओरडले.

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यावर, वाळूत नायिका वत्सला कुरुप गुडघ्यांवर कोसळली होती. गालावर बोटं उमटली होती. थप्पड नकली मारायची ठरली होती. हात चेहऱ्यापासून वीतभर लांबून जायचा, आवाज नंतर भरायचा. तालमीत तसंच झालं होतं.

"सॉरी, सॉरी," नायक राजशेखरन हसत म्हणाला. "पब्लिकला खरं लागतं हो."

युनिटमधल्या कुणी हूं की चूं केलं नाही. मल्याळी सिनेमात त्याच्या नावावर पिक्चर चालत. त्याला कोण बोलणार?

एकच बाई बोलली होती. तीही हीच. त्यानं सेटवर एका पोरसवदा डान्सरला पट्ट्यानं फोडून काढलं, तेव्हा वत्सलानं टीव्हीवर त्याचं नाव घेतलं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली नाही. साक्षीदारांनी काही पाहिलंच नव्हतं. तिच्या घरावर दगड पडले, एक तिच्या आईच्या कपाळाला लागला. मग कामं बंद झाली. जिच्यासाठी एकेकाळी भूमिका लिहिल्या जात, ती खेडोपाडी नाटकं करत फिरू लागली. तरी मुलाखत मागितली कुणी, की तेच नाव घ्यायची.

पुण्याहून सिंगापूरला येऊन साउंड रेकॉर्डिस्ट झालेल्या संजीवनीनं त्या मुलाखती वाचल्या होत्या. टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधून आज निघताना तिनं नवऱ्याला मोठ्या कौतुकानं सांगितलंही होतं, आज कुणाबरोबर काम आहे ते.

आणि आता ही बाई वाळू झटकत म्हणत होती, "सर, माझं वाक्य चुकलं. अजून एक टेक घेऊ या."

राजशेखरननंच तिला परत बोलावलं होतं. मोठेपणा दाखवायला, असं युनिट म्हणे. तिनं आधी नकार दिला. आउटडोअर शूटिंग सिंगापूरला आहे कळल्यावर लगेच हो म्हणाली. "चेचीला शॉपिंग करायचंय," मेकअपवाला खिदळला होता. चेची म्हणजे थोरली बहीण. सगळे तिला तेच म्हणत.

टेकआधी वत्सला राजशेखरनसमोर उभी राहिली. "सर, हात लावायचा नाही. मला चालणार नाही. नकलीच मारा." सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्पष्ट इंग्रजीत. मग संजीवनीकडे वळली. "रेकॉर्डिंग चालू आहे ना गं?"

"आहे, चेची."

या वेळी त्यानं उलट्या हातानं मारलं. वत्सलाचा ओठ फाटला. तिला सावरायला म्हणून तो वाकला आणि तिच्या पदराआडच्या माइकमधून त्याची कुजबुज संजीवनीला ऐकू आली. मल्याळम तिला कामापुरतं कळायचं. हे कळलं.

"टीव्हीवर फार बोलत होतीस. आता बोल."

संजीवनी तडक वर्कींकडे गेली. "सर, हा मुद्दाम मारतोय. मी ऐकलं."

"तू आवाज सांभाळ," वर्की तिच्याकडे न बघता म्हणाले.

"पण सर—"

"वाक्य पुन्हा चुकलं माझं," मागून वत्सलाचा आवाज आला. ओठाचं रक्त ती मेकअपच्या कापसानं टिपत होती. "अजून एक."

संजीवनीला तिचा संताप आला. एका टेकमध्ये पानभर संवाद म्हणणारी बाई चार शब्दांत अडखळत होती. भीतीनं का? की कामासाठी इतकी लाचार झाली होती? प्रत्येक वेळी तेच आर्जव: हात लावू नका, नकलीच मारा. प्रत्येक वेळी तो हसायचा, आणि मारायचा. ऊन चढत गेलं तसा त्याचा हात जड होत गेला. वाटेवर सायकलवाले थांबून बघू लागले.

"रिअल वन, आह?" खरंच मारतोय का, असं एका म्हाताऱ्यानं तिथल्या इंग्रजीत विचारलं.

"चेची, बस करा," संजीवनी माइक नीट करायच्या निमित्तानं पुटपुटली. वत्सलाचा एक डोळा सुजून मिटत आला होता. "तुमच्या पाया पडते. चला माझ्या घरी."

"तू फक्त रेकॉर्डिंग बंद करू नकोस."

पुढच्या टेकला वत्सलानं वाक्य चुकवलं नाही, बदललं. पटकथेत नसलेलं काहीतरी ती अगदी हळू, त्याच्या डोळ्यांत बघत बोलली. त्या डान्सरचं नाव. राजशेखरनची मूठ वळली. आतापर्यंत ती मारासरशी मान फिरवायची. या वेळी तिनं चेहरा तसाच समोर धरला.

हेडफोनमध्ये काहीतरी कडकन मोडलं.

ती उताणी पडली. संजीवनी सगळं टाकून धावली. वत्सला कुशीवर वळली, तळहातावर थुंकली. रक्तात दात होता. तिनं तो बोटानं पुसून पाहिला आणि फोन मागितला. तीन आकडे दाबून, शांतपणे, कुठे आहे ते सांगितलं.

पोलीस आले, तेव्हा राजशेखरन छत्रीखाली शहाळं पीत होता. ते कोण आहेत हे कळायला त्याला वेळ लागला. तो कोण आहे, हे त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं. टेप मागितल्यावर संजीवनीनं वर्कींकडे पाहिलंही नाही, काढून दिली. बेड्या पडल्या तसा राजशेखरन मोठ्यानं ओरडू लागला. गाडीचं दार लागल्यावर ते ओरडणंही ऐकू येईना.

संजीवनी बर्फ धरून वत्सलाशेजारी बसली. तिला रडू आवरत नव्हतं.

"पोलिसांनाच बोलवायचं होतं, तर पहिल्या थपडेलाच का नाही बोलावलंत, चेची? एवढा मार का खाल्लात?"

वत्सला रक्ताळल्या तोंडानं हसली.

"आले त्याच दिवशी इथल्या वकिलाला विचारलं होतं मी. नुसत्या थपडेला समज देऊन सोडतात. दात पडला, तरच बेड्या घालतात."