मालूताईंचा कप्पा

भर दुपारी सर्व्हर पुन्हा गुदमरला आणि रत्नप्रभाने कपाळाला हात लावला. बाराशे विसराळू म्हाताऱ्यांना तो सर्व्हर रोज सकाळी मेमरीचा एकेक कप्पा उसना द्यायचा. त्याच्या जोरावर त्यांना दिवसभर घर, माणसं, औषधं आठवायची. संध्याकाळी कप्पा रिकामा होऊन परत यायचा. दापोलीच्या मालूताई खांबेट्यांचा तेवढा कधीच रिकामा येत नव्हता, आणि त्यात साठलेल्या ओझ्याने आता सगळ्यांचीच मेमरी आटत चालली होती.

रत्नप्रभाने फोन लावला. "मालूताई, परत करताना कप्प्यात काही ठेवता का हो?"

"ठेवते की! शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत करतात का? तुम्ही एवढं करता माझ्यासाठी. रोज माझी एक आठवण घालते."

रत्नप्रभाने एक उघडली. परकरातली मालू शाळा बुडवून आंब्याच्या झाडावर बसली होती आणि मीठ लावून कैरी खात होती. दिलेली आठवण मालूताईंकडे उरत नसे. होत्या नव्हत्या तेवढ्यातून त्या रोज एक देत होत्या.

'साठलेलं पुसून टाक,' साहेबांनी कळवलं. रत्नप्रभाने ते पुसलं नाही. सगळंच्या सगळं मालूताईंकडे परत पाठवलं, आणि सर्व्हर मोकळा झाला.

सकाळी फोन वाजला.

"अगं, मी झाडावर बसून कैरी खातेय, असं आठवतंय मला. कोणाची गं ही आठवण?"

"तुमचीच, ताई."

"माझी? इतकी छान?" मालूताई खुदकन हसल्या. "उपकार झाले गं पोरी. थांब, संध्याकाळी मीही काहीतरी घालून पाठवते."