चाकूनं ढवळायचं

वैदेहीचा साखरपुडा झाला ते दोन हजार चोवीस साल. पाहुणे दुपारीच कन्हानला परत गेले. हुडकेश्वरच्या घराच्या गच्चीवर तिचे आजोबा चंपतराव आणि भाऊ उन्मेष, दोघेच उरले.

उन्मेष जहाजावरच्या बारमध्ये कामाला होता. त्यानं ग्लासाच्या काठाला लिंबू चोळलं, काठ मिठात बुडवला. बर्फ, टकीला, लिंबाचा रस. वरून कोला. मग चमचा उचलला.

"याले बटांगा म्हणतात, आबा. मेक्सिकोत टकीला नावाचं गावच आहे. तिथल्या एका बारवाल्या म्हाताऱ्यानं काढलं म्हणे हे. ज्या चाकूनं लिंबू कापे, त्याच चाकूनं ढवळे."

"मंग तू चमच्यानं काहून ढवळून राहिला गा?"

उन्मेष हसला, मग त्यानं चमचा खाली ठेवला. आबांच्या मनात कोणता चाकू आहे ते त्याला कळलं. नरखेडकडच्या बागेत जन्मभर ज्यानं त्यांनी संत्र्याची कलमं बांधली, तो. हल्ली आबांचे हात थरथरत. मोसंबी कापताना अंगठा चिरला, त्या दिवशी सुनेनं, प्रेमिलानं, चाकू कपाटावर टाकला. तेव्हापासून आबांना फळ कापलेलंच मिळे.

चंपतरावांनी जिन्यातून हाक मारली, "प्रेमिला वं! माहा चाकू आण. मेक्सिकोचं काम निघालं."

प्रेमिला पदराला हात पुसत वर आली. "दारू अन् चाकू? दोन्ही संगच, मामाजी?"

"पिऊन कुठं राहिलो अजून! ढवळाचं आहे. पोराले विचार, तिकडची रीतच आहे तशी."

"खरं आहे आई," उन्मेष म्हणाला.

तिनं मुलाकडे डोळे वटारून पाहिलं. पण खाली जाऊन चाकू घेऊन आली, आणि सासऱ्यांच्या हाताजवळ आपला हात धरून उभी राहिली.

चंपतरावांनी पातं ग्लासात सोडलं. हात थरथरू लागला. बर्फ किणकिणला, कोला फेसाळला, तळाचा रस वर आला. ते काहीच करत नव्हते. हातच ढवळत होता.

पातं बाहेर काढलं. पिण्याआधी पहिले थेंब धरणीला द्यायचे असतात. तेही न झटकताच पडले.

"पाह्यलं?" चंपतराव म्हणाले. "तुमच्या धडधाकट हाताले जमलं असतं काय हे?"

प्रेमिलाला हसू आवरेना. तिनं आपला हात मागे घेतला, चाकू उचलला आणि धुवायला खाली नेला. चंपतराव जिन्याकडे पाहत राहिले. घोट घ्यायचंही विसरले.

दिवे लागल्यावर ते खोलीत आले. खाटेजवळच्या स्टुलावर चष्म्याचं घर होतं. त्याच्या बाजूला चाकू होता, आणि एक न कापलेली मोसंबी.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, संत्र्याचा आंबिया बहार फुलला तेव्हा, चंपतराव वारले.