खिळा एकच

"मेहमान आ गए. जल्दी जा," सरदारबी म्हणाली आणि सुनेच्या हातातलं लाटणं तिनं काढून घेतलं. दुसऱ्या हातात सुनेचा पांढरा अ‍ॅप्रन तयारच होता.

सबिहा पळाली. पळता पळताच तिनं बटणं लावली, तिला सवय होती. मेहमान म्हणजे औषध निरीक्षक. त्यांची गाडी जिल्ह्यात कुठं दिसली की मेडिकलवाल्यांच्या ग्रुपवर 'पाव्हणे आले' एवढंच पडायचं. मंग तिचा नवरा हारुन दुकानातून अम्मीला फोन करायचा आणि अम्मी सबिहाला पिटाळायची. ती पोचली की हारुन खुर्चीवरून उठायचा आणि ती बसायची. भिंतीवरच्या चौकटीत तिचंच नाव होतं. राज्याच्या फार्मसी कौन्सिलनं दिलेल्या त्या रजिस्ट्रेशनवर तर वाटूरच्या फाट्यावरचं हे दुकान उभं होतं. रोज तुम्हीच बसता ना, असं साहेब विचारायचे. सबिहा मान हलवायची. गाडी वळली की अ‍ॅप्रनची घडी व्हायची आणि सबिहा परत तव्यापुढं. असा अ‍ॅप्रन किती वर्षं टिकतो? तिचा अजून नवाच दिसायचा.

पण आजचं पळणं बहुतेक शेवटचं होतं. तपासण्या कडक झाल्या होत्या. फार्मासिस्ट जागेवर न्हाई म्हणून पलीकडच्या तालुक्यात एका दुकानाला कुलूप लागलं, तेव्हापासून हारुनची झोप उडाली होती. दिवसभर बसणारा खराखुरा फार्मासिस्ट पाहिजे, हे त्याला बराबर कळलं. आणि तसा माणूस शोधायला तो सकाळीच जुन्या जालन्याला गेला, स्वयंपाकघराकडं पाठ करून मोटारसायकलला किक मारत.

मी बसले तर, असं सबिहानं रात्री विचारून पाहिलं होतं. हारुन हसला होता.

"आन् रोट्या कोण लाटंल?"

चौकट उतरवून पेटीत जपून ठेवू, असंही वर म्हणाला होता. सरदारबी शेजारीच तसबीह ओढत बसली होती. तिनं मणी पुढं सरकवला.

दुकानात दीर अतिक होता. भाभीला अ‍ॅप्रनमध्ये बघताच त्याचा चेहरा उतरला. पाव्हणे आले म्हणताच तो मागच्या दारानं जो गेला, तो गेलाच.

सबिहा खुर्चीवर ताठ बसली. गाडी आली नाही, गोजरबाई आली. गुडघ्याची ती नेहमीची गोळी दे म्हणाली, आणि पोट जळतंय तर त्याचीबी दे. अतिक दोन्ही गोळ्या कात्रीनं कापून द्यायचा. सबिहानं कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. कधीपासून घेता, काय खाऊन घेता, तिनं विचारलं. गोजरबाई रोज पहाटे उपाशीपोटी गोळी गिळून कापूस वेचायला जात होती. पोट त्या गोळीनंच जळतंय, ती बंद करा आणि आधी डॉक्टरला दाखवा, असं सबिहानं तिला नीट बसवून समजावलं.

"आतापोतर कुणी इचारलंच न्हाई गं माय," म्हणत गोजरबाई निघून गेली. एक गिऱ्हाईक गेलं, सबिहाला वाटलं.

गोजरबाई गेली ती सुनेला घेऊन परत आली. आकांक्षाला चौथा महिना होता. डोकेदुखीसाठी ती घरातली कुठली तरी गोळी खात होती आणि हारुनभाईला विचारायची तिला लाज वाटत होती. ती काउंटरवर वाकून कुजबुजली. सबिहाही वाकली. मंग बाया येतच राहिल्या. कुणी पदराआडून चिठ्ठी काढली, कुणी अर्धी उरलेली बाटली. दुपार कधी टळली, सबिहाला कळलं नाही. निरीक्षक यायचे आहेत, हेसुद्धा ती विसरून गेली.

संध्याकाळी हारुन आला. मागच्या सीटवर प्रितम नावाचा पोरगा, मांडीवर पिशवी, पिशवीत त्याच्या रजिस्ट्रेशनची चौकट. पायऱ्यांवर बायांची गर्दी बघून हारुन दुकानाबाहेरच थबकला. वाट दे म्हणाला, तर गोजरबाईनं त्यालाच ओळीत उभं केलं. फार्मासिस्ट मॅडम बोलून राह्यल्या, दम धर.

हारुन कसाबसा आत शिरला. त्यानं पिशवीतली चौकट काढली आणि भिंतीकडं बघितलं.

सबिहानं समोरच्या बाईची गोळी पाकिटात घातली, वर सकाळ-संध्याकाळची खूण केली आणि मंगच मान वर केली.

"खिळा मोकळा न्हाई," ती म्हणाली.

बाया हसल्या. प्रितमही हसला. जालन्याहून रोज इथवर येणं तसंही त्याच्या जिवावर आलं होतं. त्यानं हारुनच्या हातातून आपली चौकट हळूच काढून घेतली आणि भाभींचं रजिस्ट्रेशन माझ्या आधीचं दिसतंय, असं म्हणून तो समोरच्या हॉटेलात चहाला गेला.

हारुननं खिशातून फोन काढला. ग्रुप वर-खाली बघितला.

"पाव्हण्यांचं तर आज नावच न्हाई. तुला कोण बोललं?"

सबिहाला सकाळ आठवली. अम्मीचा फोन तर तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत चार्जिंगला होता. तो वाजलाच नव्हता. आणि अ‍ॅप्रन तर आधीच खुंटीवरून निघालेला होता.

पायऱ्यांवरच्या बाया बाजूला झाल्या. सरदारबी, जी कधी दुकानाची पायरी चढली नव्हती, ती चढून आली. तिनं गरम डबा लेकासमोर काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत बोलली.

"रोट्या मी लाटल्या. पाव्हणेबी मीच आणले. उद्याबी आणणार हाय."